विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचा इतिहास कसा वाचावा?

विद्यार्थी मित्रांनो, संघाचा इतिहास म्हणजे जिंकलेल्या चषकांची यादी, असे तुम्हाला वाटते का? एक उदाहरण पाहा.

डॉ. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे बास्केटबॉल हा खेळ निर्माण केला. १८९८ मध्ये ते कॅन्सस विद्यापीठात आले व पुरुष संघाचे पहिले प्रशिक्षक झाले. त्यांच्या संघाने ५५ सामने जिंकले आणि ६० गमावले. मात्र त्यांच्या हाताखाली खेळलेले फॉग ॲलन पुढे त्याच संघाचे नामांकित प्रशिक्षक ठरले.

भारतात हा खेळ वायएमसीएमार्फत रुजला. १९३४ मध्ये नवी दिल्लीत पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली.

म्हणून आपल्या विद्यापीठाच्या संघाचा इतिहास लिहिताना निकालांबरोबरच कोणी कोणाला शिकवले, हेही नोंदवा.