तरत्या वाफ्याची कुळकथा

मुळा-मुठेच्या किंवा पंचगंगेच्या काठी ज्यांचे आयुष्य गेले, त्यांच्या कपाळाला जलपर्णी हे नाव ऐकताच आठ्या पडतात. आणि तरीही, शेवाळाने हिरवे झालेले तळे पाणवनस्पतींकरवी निवळविण्याच्या विद्येचे कूळ शोधीत निघालो असता मी येऊन ठेपलो तो याच बदनाम वनस्पतीच्या दारी.

कुळाविषयी दोन दावे प्रचलित आहेत. प्लोन येथील माक्स प्लांक संस्थेत केटे झाइडेल या विदुषीने 1950 च्या दशकात लव्हाळ्यांकडून दूषित पाणी शुद्ध करविले, हा एक; आणि 1970 च्या दशकात 'नासा'च्या बिल वोल्व्हर्टन यांनी मिसिसिपीतील सांडपाण्याच्या तळ्यांत जलपर्णीच कामाला लावली, हा दुसरा. दोन्ही खरे, परंतु मुळांवाटे नायट्रोजन व फॉस्फरस शोषला जाणे हा उपचाराचा केवळ पूर्वार्ध होय. वाढलेली वनस्पती वेळीच उपसली नाही, तर ती जागीच कुजून घेतलेले सारे पाण्याला परत करते आणि शेवाळाचे फावते. उपसा हाच या उपचाराचा प्राण, आणि त्याची खरी रीत दक्षिण बंगालच्या रयतेने फार पूर्वीच बसविली, असे माझे आग्रहाचे प्रतिपादन आहे.

बारिसाल-पिरोजपूरच्या पाणथळ मुलखात शेतकरी दाट जलपर्णीवर लांब बांबू आडवा टाकतो, त्यावर उभा राहून दोन्ही अंगांची जलपर्णी ओढून थरावर थर रचतो, आणि वरचा थर कुजला म्हणजे 'धाप' नावाच्या त्या तरत्या वाफ्यावर भाजीपाला घेतो. बी थेट पेरण्याऐवजी कुजलेल्या पाणवनस्पतींचा गोळा वळून त्यात ते रुजवितात. या गोळ्याला तिकडे 'टेमा' म्हणतात. कोंब वर आला की टेम्यासकट रोप वाफ्यावर बसते. पुढे पाणी ओसरले की अवघा वाफा मोडून हिवाळी पिकाच्या खतात जमा! अशा रीतीने पाण्यातला फॉस्फरस काही भाजीच्या पाटीतून बाजारात, तर काही शेतात रवाना होतो.

प्रतिपक्ष येथे बिनतोड वाटणारा आक्षेप घेतो. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेची. बंगालात ती शिरली 19 व्या शतकाच्या अखेरीस, आणि तिने असा उच्छाद मांडला की 1936 साली तिच्या बंदोबस्तासाठी सरकारला खास कायदा करावा लागला. मग धाप पुरातन कसा? माझे उत्तर असे की, रीत जुनी आणि माल नवा. पूर्वी हेच वाफे पेंढा आणि पाणगवत यांचे असणार. परदेशी तण फुकट व मुबलक मिळू लागताच रयतेने, कायदा त्याचा नाश फर्मावीत असताना, त्यालाच वेठीस धरले. दप्तरी पुरावा मागाल तर माझे हात रिते आहेत. मात्र काश्मिरातील दल सरोवरावर लव्हाळ्यांचे मळे जलपर्णीवाचून तरतात, ही साक्ष मला पुरेशी वाटते.

हैदराबादच्या नेकनामपूर तलावात 2018 साली बांबूच्या सांगाड्यावर वाळा आणि कर्दळ लावून जो तरता वाफा सोडला, त्याचे गोत्र मी बेधडक बारिसालचे लावतो. आमच्याकडे मात्र उपसलेल्या जलपर्णीचे ढीग पुष्कळदा काठावरच कुजत पडतात, आणि वळवाची पहिली सर त्यांचा काळा रस पुन्हा पात्रात नेऊन सोडते.