वाकडचा गळकरी आणि पोर्ट टॅलबटचा शिक्षक

चैत्र पौर्णिमेला, म्हणजे हनुमान जयंतीच्या दिवशी, हिंजवडीहून वाकडकडे येणारा रस्ता कंपन्यांच्या बसगाड्यांचा राहत नाही. त्या दिवशी तो म्हातोबाचा असतो. हिंजवडीच्या देवळापासून बगाड निघतं, भंडारा उधळला जातो, ‘चांगभलं’च्या आरोळ्या उठतात आणि मिरवणूक वाकडच्या म्हातोबाकडे सरकू लागते. एकच देव दोन गावांचा, त्यामुळे उत्सवाला दोन टोकं आणि मधली वाट हाच त्याचा मंच. बगाडाचं लाकूड मुळशी खोऱ्यातल्या बारपे गावच्या रानातून आणायचं, ही रीत. गळकरी हिंजवडीच्या जांभुळकरांतला. त्याच्या पाठीत लोखंडी गळ टोचतात आणि त्याला बगाडावर चढवतात. कोणी काय करायचं हे मानाप्रमाणे ठरलेलं असतं. नाटकवाले ज्याला पात्रनिवड म्हणतात ती इथे पिढ्यांपूर्वीच होऊन गेली आहे.

बगाडाला नाटक म्हणावं का, असा आक्षेप येईल आणि तो रास्तच आहे. गावाच्या दृष्टीने तो नवस आहे, देवाचं देणं आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या आसपासची गावं पायी हिंडले, म्हसोबा आणि म्हातोबासारख्या देवांची ठाणी त्यांनी धुंडाळली. १९६२ साली आलेल्या ‘मिथ अँड रिॲलिटी’ या पुस्तकात त्यांनी अशा देवांच्या मागे लपलेला मेंढपाळांचा आणि शेतकऱ्यांचा जुना इतिहास शोधला. त्यांना त्यात नाट्य शोधायचं नव्हतं. पण नाटकाच्या माणसाने बगाडाकडे पाहिलं तर त्याला दोन गोष्टी लगेच दिसतील. हा प्रयोग दुसऱ्या रस्त्यावर होऊ शकत नाही आणि दुसऱ्या माणसांकडून होऊ शकत नाही. या दोन अटी मुद्दाम लावून घेऊन जगातल्या काही मोठ्या नाटक मंडळ्यांनी गेल्या साठेक वर्षांत काम केलं आहे. कुणाला एक अट जमली, कुणाला दुसरी. दोन्ही जमलेले थोडे.

गळाविषयी इथेच बोलून टाकलेलं बरं. माणसाच्या कातडीत आकडे रुतवण्याचं समर्थन परंपरेच्या नावाखाली होऊ शकत नाही. इंग्रज अमदानीतही सरकारची त्यावर वक्रदृष्टी होतीच, आणि कित्येक ठिकाणी आकड्यांची जागा दोराने घेतली. वाईजवळच्या बावधनला रंगपंचमीला निघणाऱ्या बगाडात बगाड्याला शिडावर बांधतात, तरी गर्दीत तसूभर उणेपणा येत नाही. गर्दी जखम पाहायला येते असं मानणं चुकीचं आहे. २०२१ मध्ये करोनाची बंदी असताना बावधनकरांनी भल्या पहाटे बगाड काढलं आणि पोलिसांचे गुन्हे अंगावर घेतले. ज्या प्रयोगासाठी अख्खं गाव खटला ओढवून घेतं, त्याच्याशी गावाचं नातं किती खोल असेल याचा अंदाज बांधता येतो.

मराठी नाटक या वाटेवरून फार लवकर बाजूला झालं. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं ते पटवर्धनांच्या आश्रयाने. पुढे मंडळ्या फिरू लागल्या, तिकिटं आली, पडदे आले आणि नाटक थिएटरात शिरलं. कोकणात दशावतार मात्र जत्रेच्या देवळासमोरच राहिला. रात्री उशिरा सुरू होणारा, संहितेचा कागद नसलेला, नटांनी उभ्या उभ्या संवाद रचत नेलेला. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडाऱ्याच्या पट्ट्यात झाडीपट्टीची नाटकं दिवाळीनंतर शेतातल्या मांडवात रंगतात. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक. तिथले नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या अनेक नाट्यरसिकांनी त्यांचं नाव पहिल्यांदा ऐकलं.

भारतातल्या राष्ट्रीय म्हणवणाऱ्या नाट्यसंस्थेला थिएटराच्या बाहेर काढलं ते पुण्यात जन्मलेल्या एका माणसाने. इब्राहिम अल्काझी १९२५ साली पुण्यात जन्मले, वडील अरब व्यापारी, शाळा कॅम्पातली सेंट व्हिन्सेंट. मुंबईत त्यांनी आपल्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर नाटकं केली. १९६२ मध्ये ते दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी धर्मवीर भारतींचं ‘अंधा युग’ फिरोजशाह कोटल्याच्या पडक्या भिंतींत उभं केलं. महाभारताच्या युद्धानंतरचा उजाड दिवस दाखवायला नेपथ्यकाराला वेगळं काही रंगवावं लागलं नाही. १९७०च्या दशकात गिरीश कार्नाडांचं ‘तुघलक’ पुराना किल्ल्यात झालं, मनोहर सिंहांनी सुलतान केला. चौदाव्या शतकातला सुलतान प्रेक्षक खऱ्या दगडी तटबंदीखाली बसून पाहत होते.

जागेची अट अल्काझींनी अशी जिंकली. माणसांची अट त्यांनी घेतलीच नाही. रंगमंचावर विद्यालयात तावूनसुलाखून निघालेले नट होते, समोर दिल्लीचा सुशिक्षित प्रेक्षक. कोटल्याच्या आसपास राहणाऱ्या वस्तीला त्या नाटकात काही काम नव्हतं. हे दूषण म्हणून सांगायचं नाही. अल्काझींना नटांची एक शिस्तबद्ध फळी घडवायची होती आणि ती त्यांनी घडवली. पण किल्ला मिळाला म्हणून गाव मिळालं असं होत नाही.

माणसांची अट महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर पेलली ती बाबासाहेब पुरंदऱ्यांच्या ‘जाणता राजा’ने. १९८५ पासून हे महानाट्य मैदानामैदानांत होत आलं. दोनशेहून अधिक कलाकार, घोडे, उंट, हत्ती आणि फिरता रंगमंच. त्यातली खरी युक्ती ध्वनिफितीत होती. संवाद आणि संगीत आधीच मुद्रित असल्यामुळे नटाला ओठ आणि अंग जुळवायचं एवढंच काम. म्हणून प्रयोग ज्या गावी, त्या गावच्या शिक्षकाला, दुकानदाराला, कॉलेजातल्या पोराला थोड्या तालमींवर मावळ्याच्या वेशात उभं करता आलं. पुढे हाच साचा इतरांनीही वापरला. डॉ. अमोल कोल्हे यांचं ‘शिवपुत्र संभाजी’ २०२३ मध्ये पिंपरीच्या एच. ए. मैदानावर झालं तेव्हा पिंपरी-चिंचवडकरांनी तिकिटासाठी धावपळ केली.

मात्र या महानाट्यांना मैदान कोणतंही चालतं. एच. ए. मैदान हे हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचं. ही १९५४ साली स्थापन झालेली कंपनी. देशातला पेनिसिलीनचा सरकारी कारखाना तिचा. कुंपणापलीकडे तो इतिहास पडून असतो आणि अलीकडे रायगड उभा राहतो. प्रयोग संपला की मंच सुटा करून पुढच्या गावी नेतात; मैदानाने नाटकाला जागा दिली, बाकी काही दिलं नाही आणि मागितलंही नाही. आवाज मुद्रित असल्यामुळे स्थानिक माणूस मंचावर येतो खरा, पण स्वतःचं वाक्य बोलत नाही.

दोन्ही अटी एकत्र पेललेलं अलीकडचं उदाहरण हवं असेल तर वेल्सला जावं लागतं. आणि तिथेही गाठ पडते ती टाटांशीच.

वेल्सचं राष्ट्रीय नाट्यगृह, नॅशनल थिएटर वेल्स, २००९ मध्ये स्थापन झालं. नावात थिएटर असून त्याची स्वतःची इमारत नव्हती. पहिल्या वर्षी त्यांनी वेल्सभर वेगवेगळ्या ठिकाणी महिन्याला सरासरी एक या वेगाने प्रयोग केले. २०१०च्या ऑगस्टमध्ये माइक पिअर्सन यांनी इस्किलसचं अडीच हजार वर्षांपूर्वीचं ‘द पर्शियन्स’ चक्क लष्कराच्या सराव क्षेत्रात केलं. तिथे सैनिकांना गल्लीबोळातल्या लढाईचं शिक्षण देण्यासाठी बांधलेलं एक खोटं गाव आहे, घरं आहेत पण कोणी कधी राहिलेलं नाही. हरलेल्या साम्राज्याचा शोक त्या रिकाम्या घरांतून ऐकू आला.

त्यानंतरचं पाऊल पोर्ट टॅलबटचं. हे समुद्रकाठचं पोलादाचं शहर. इथला कारखाना २००७ मध्ये कोरस कंपनीच्या खरेदीबरोबर टाटा स्टीलकडे आला. नट मायकेल शीन याच गावात वाढलेला. २०११च्या एप्रिलमध्ये, गुड फ्रायडे ते ईस्टर रविवार असे तीन दिवस, त्याने ‘द पॅशन’ हा प्रयोग अख्ख्या गावभर केला. ओवेन शिअर्स यांचं लेखन, ‘वाइल्डवर्क्स’ या मंडळीचे बिल मिचेल सहदिग्दर्शक, हजाराहून अधिक गावकरी कामाला. ईस्टरला ख्रिस्ताचं मरण रस्त्यावर साकारण्याची चाल युरोपात जुनीच आहे. इथे ख्रिस्ताच्या जागी ‘शिक्षक’ नावाचं पात्र होतं, स्वतःची स्मृती हरवलेलं. खलनायक म्हणून एक कंपनी होती, जिला शहरावरून रस्ता न्यायचा होता.

रस्त्याचं हे कथानक हवेतून आलं नव्हतं. १९६०च्या दशकात एम-४ महामार्ग पोर्ट टॅलबटच्या मधून नेला तेव्हा लुएलिन स्ट्रीटची एक बाजू पाडली गेली. उरलेली बाजू आजही पुलाच्या खांबांकडे तोंड करून उभी आहे. नाटकातला एक प्रवेश त्याच गल्लीत झाला, पाडलेल्या घरांतली माणसं तिथे परत आली. शेवटचं भोजन कामगारांच्या क्लबात, सुळावर चढवणं समुद्रकाठच्या वाहतूक बेटावर. तिथे शिक्षकाची स्मृती परत येते आणि तो गावातली ठिकाणं, माणसं, दुकानं एकेक करून नावाने आठवतो. हजारोंच्या गर्दीत ज्यांची नावं निघाली ते लोकही होते. राष्ट्रीय संस्थेचा पैसा, प्रसिद्ध नटाचं नाव आणि गावाची स्वतःची गोष्ट, अशी तिहेरी जुळणी क्वचित होते.

नॅशनल थिएटर वेल्सचा पुढचा प्रवासही सांगायला हवा. २०१७ मध्ये याच संस्थेने पोर्ट टॅलबटच्या पोलाद कामगारांवर ‘वुई आर स्टिल हिअर’ हे नाटक तिथल्याच एका बंद पडलेल्या कारखान्यात केलं. २०२३ मध्ये वेल्सच्या कला परिषदेने संस्थेचं अनुदान थांबवायचं ठरवलं आणि राष्ट्रीय नाट्यसंस्था म्हणून तिचा कारभार आटोपला. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट टॅलबटची शेवटची झोतभट्टी टाटा स्टीलने बंद केली. २०२५च्या सुरुवातीला मायकेल शीनने नवी राष्ट्रीय नाट्यसंस्था काढत असल्याचं जाहीर केलं. सरकारी अनुदानावरचा प्रयोग पंधरा वर्षांत थांबू शकतो. म्हातोबाचं बगाड वर्गणी आणि मान यांच्यावर चालत आलं आहे. अनुदानवाल्यांनी आणि परंपरावाल्यांनी, दोघांनीही यावर विचार करण्यासारखं आहे.

आता आपल्या पट्ट्याकडे. पिंपरी-चिंचवडला नाटकाची हौस कधीच कमी नव्हती. कामगार कल्याण केंद्रांच्या नाट्यस्पर्धांत यंत्रावरचे हात तोंडाला रंग लावत आले. टाटांच्या टेल्कोतल्या ‘कलासागर’ने कामगारांतले लेखक आणि कलावंत पुढे आणले. चिंचवडचं रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, पिंपरीचं आचार्य अत्रे रंगमंदिर अशी नाट्यगृहं झाली. जानेवारी २०२४ मध्ये जब्बार पटेल यांच्या अध्यक्षतेखाली शंभरावं अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन याच शहरात भरलं. पण कामगार रंगमंचावर आला तो बहुधा दुसऱ्याच्या गोष्टीतलं पात्र होऊन, तेही चौकटीच्या मंचावर.

गोष्टींचा तुटवडा मात्र नाही. १९८९च्या सप्टेंबरमध्ये राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली टेल्कोचे हजारो कामगार शनिवारवाड्यासमोर उपोषणाला बसले आणि पोलिसांनी रात्रीच्या अंधारात त्यांना उचललं. त्या जागेला आणि त्या माणसांना नेपथ्याची गरज आहे असं कोण म्हणेल? ९ ऑगस्ट २०११ रोजी पवना धरणातून बंद नळाने पाणी नेण्याच्या विरोधात मावळातले शेतकरी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले, गोळीबारात तिघे गेले. ते पाणी पिंपरी-चिंचवडच्या नळांना यायचं होतं. १९९७ मध्ये पालिकेत गेलेल्या वाकडसारख्या गावाची जमीन, आधी ऊस आणि ज्वारी, नंतर सोसायट्या, मधोमध महामार्ग. लुएलिन स्ट्रीटसारख्या गल्ल्या इथे शोधायला लांब जायला नको.

अशा प्रयोगाला अल्काझींची शिस्त हवी, पुरंदऱ्यांसारखी शेकडो हौशी माणसं गोळा करण्याची हातोटी हवी. मुद्रित आवाज मात्र नको, कारण इथे माणसाने आपलंच वाक्य आपल्याच तोंडून बोलायचं आहे. बगाडाकडून गळ घेऊ नये. वाट, मान आणि दोन गावांतली वाटणी घ्यावी. महापालिकेचा सांस्कृतिक विभाग आणि नाट्य परिषदेची शाखा यांनी मनात आणलं तर पहिलं काम तालमीचं नसेल. टेल्को, बजाज आणि हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये १९६०च्या दशकात लागलेली माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत, काही त्यापुढे. त्यांच्याशी बोलणं, ते उतरवून घेणं आणि त्यांच्याच आवाजात जपून ठेवणं हे काम यंदाच सुरू करायला हवं.