परदेशात भाड्याची छोटी मोटार घेताना : उंच प्रवाशांनी काय पाहावे?

(आमच्या प्रतिनिधीकडून)

ढोकी : ढोकीहून धाराशिवला काळी-पिवळी जीपमधून जाताना सहा फुटी माणूस गुडघे दुमडून आणि मान वाकवून बसतो, पण प्रवास लवकर संपत असल्याने त्याची फारशी तक्रार नसते. परदेशात मात्र हीच गैरसोय स्वतः मोटार चालवताना, दिवसाला चार-पाच तास सोसावी लागली, तर तो सुरक्षिततेचा प्रश्न होतो. शिक्षण व नोकरीनिमित्त परदेशी गेलेल्या मुलांकडे जाणाऱ्या मराठी कुटुंबांत भाड्याची मोटार घेऊन फिरण्याची पद्धत आता रुळली आहे. भाडे, इंधन आणि पार्किंगचा हिशेब करून अनेक जण छोटी मोटार पसंत करतात. उंच व्यक्तीनेही ती जरूर घ्यावी. मात्र तिची निवड बाहेरील लांबीवरून न करता आतील जागेवरून करावी.

लांबी फसवी असते

बाहेरून अरुंद दिसणारी गोष्ट आतून ऐसपैस असू शकते, याचे उदाहरण ढोकीकरांच्या परिचयाचे आहे. १८९७ मध्ये बार्शीपर्यंत सुरू झालेली आणि १९११ मध्ये लातूरला पोहोचलेली बार्शी लाइट रेल्वे अवघ्या ७६२ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर धावत असे. रूळ अरुंद असले तरी डबे प्रशस्त ठेवता येतात, हे तिचे अभियंता एव्हरार्ड काल्थ्रॉप यांनी या मार्गावर दाखवून दिले होते.

मोटारींचेही असेच आहे. आपल्याकडील वॅगन-आर ३,६५५ मिलिमीटर लांब आणि १,६७५ मिलिमीटर उंच आहे. २०२४ मध्ये आलेली स्विफ्ट तिच्याहून लांब, म्हणजे ३,८६० मिलिमीटर असली, तरी तिची उंची १,५२० मिलिमीटर आहे. उंच छपराच्या मोटारीत आसन वर आणि सरळ बसवता येते. त्यामुळे पाय पुढे पसरण्याऐवजी खाली सोडता येतात आणि कमी लांबीत अधिक जागा मिळते.

युरोपात सर्वांत छोट्या वर्गात फियाट ५०० आणि फियाट पांडा या दोन्ही मोटारी आढळतात. फियाट ५०० ची उंची सुमारे १.४९ मीटर, तर २०११ मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीतील पांडाची सुमारे १.५५ मीटर आहे. लांबीत फार फरक नसला तरी उंच व्यक्तीच्या डोक्याला पांडात अधिक जागा मिळते. जपानमधील 'केई' वर्गाच्या मोटारींना ३.४ मीटर लांबी आणि १.४८ मीटर रुंदीची कायदेशीर मर्यादा आहे. उंचीची मर्यादा मात्र दोन मीटर आहे. त्यामुळे होंडा एन-बॉक्ससारखी मोटार इवलीशी असूनही छपराला पावणेदोन मीटरहून अधिक उंच असते.

या सल्ल्यालाही मर्यादा आहे. देशातील सर्वांत उंच दांपत्य म्हणून लिम्का बुक ऑफ रेकॉर्ड्समध्ये नोंद झालेल्या पुण्याच्या शरद व संजोत कुलकर्णी यांच्यापैकी शरद यांची उंची सात फुटांहून अधिक आहे. एवढ्या उंचीला छोटी मोटार पुरणे कठीणच. सहा फूट ते सव्वासहा फूट उंचीच्या व्यक्तींना मात्र नीट निवड केल्यास ती पुरू शकते.

आधी स्वतःचे माप घ्यावे

सारख्याच उंचीच्या दोन व्यक्तींपैकी एकाचे धड लांब असते, तर दुसऱ्याचे पाय. निघण्यापूर्वी टणक स्टुलावर भिंतीला पाठ टेकवून ताठ बसावे आणि बैठकीपासून डोक्यापर्यंतचे अंतर मोजावे. त्यानंतर पाठीपासून गुडघ्याच्या टोकापर्यंतचे अंतर मोजावे. ही मापे एकूण उंची सारखी असलेल्या परिचितांशी ताडून पाहिल्यास आपली अडचण डोक्याची आहे की गुडघ्यांची, हे कळते.

धड लांब असल्यास उंच छप्पर आणि खाली-वर होणारे आसन शोधावे. छपरातील काचेची खिडकी टाळावी. तिच्या चौकटीमुळे डोक्यावरची जागा काही सेंटिमीटरने कमी होते. पाय लांब असल्यास आसन किती मागे सरकते, हे पाहावे. स्टीअरिंग वर-खाली होण्याबरोबरच पुढे-मागेही व्हायला हवे. सर्वांत छोट्या वर्गातील अनेक मोटारींत ही सोय नसते. मग आसन मागे सरकवले की हात पोहोचत नाहीत आणि पुढे घेतले की गुडघे अडतात. अशा वेळी एक वर्ग वरची, म्हणजे स्कोडा फाबिया किंवा फोक्सवॅगन पोलो यांच्या वर्गातील मोटार घेणे श्रेयस्कर.

आरक्षण वर्गाचे, मोटारीचे नव्हे

भाड्याने मोटार देणाऱ्या कंपन्या सहसा विशिष्ट मोटारीची हमी देत नाहीत. 'अमुक मोटार किंवा तत्सम' एवढेच त्यांचे वचन असते. आरक्षणावर चार अक्षरी सांकेतिक नाव असते. पहिले अक्षर वर्गाचे : 'एम' म्हणजे सर्वांत छोटी, 'ई' म्हणजे किफायतशीर, 'सी' म्हणजे त्याच्या वरची. दुसरे अक्षर रचनेचे : 'बी' म्हणजे दोन-तीन दारे, 'डी' म्हणजे चार-पाच दारे. तिसरे गिअरचे : 'एम' म्हणजे हाताने, 'ए' म्हणजे आपोआप बदलणारे. चौथ्या अक्षरावरून इंधन आणि वातानुकूलन समजते. म्हणजे 'ईडीएमआर' ही चार-पाच दारांची, हाताने गिअर बदलण्याची, वातानुकूलित किफायतशीर मोटार होय.

आरक्षण करतानाच आपली उंची कळवून उंच छपराच्या मोटारीची विनंती नोंदवावी. युरोपात ऑटोमॅटिक मोटारी तुलनेने महाग पडतात. तरीही क्लच दाबताना गुडघा अडत असेल, तर तो खर्च वाया जात नाही.

चावी घेतल्यावर पाच मिनिटे

सामान चढवण्यापूर्वी आसन पूर्ण मागे व खाली घेऊन बसावे आणि पुढील गोष्टी तपासाव्यात.

- डोके आणि छप्पर यांच्यामध्ये चार बोटे मावतात का?
- क्लच व ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहतो का? स्टीअरिंग पूर्ण फिरवताना हात मांडीला अडतात का?
- स्टीअरिंगचा मध्य आणि छाती यांत किमान २५ सेंटिमीटर अंतर आहे का? एअरबॅग उघडताना हे अंतर आवश्यक असते.
- आसनावरील डोक्याचा आधार किमान कानाच्या वरच्या टोकापर्यंत येतो का? तो मानेशी येत असेल, तर मागून धडक बसल्यास मानेला गंभीर इजा होऊ शकते.
- मान न वाकवता सिग्नल दिसतो का?

यानंतर आपल्याच आसनाच्या मागे बसून पाहावे. उंच चालकामागील जागा प्रौढ व्यक्तीला बहुधा पुरत नाही. आई-वडिलांसह चौघे जाणार असतील, तर हा विचार आरक्षणापूर्वीच करावा. सामानाचेही तसेच : फियाट ५०० ची डिकी १८५ लिटरची, तर पांडाची २२५ लिटरची आहे. विमानप्रवासाच्या दोन मोठ्या बॅगाही तेथे अवघडतात. मोटार जमत नसेल, तर बदलून मागण्याची वेळ हीच. आवाराबाहेर पडल्यावर ते कठीण होते.

परवाना धाराशिवमध्येच

आंतरराष्ट्रीय वाहन परवान्यासाठी ढोकी परिसरातील परवानाधारकांना धाराशिवच्या परिवहन कार्यालयात अर्ज करता येतो. नमुना ४-ए, वैध पारपत्र आणि व्हिसा लागतो; शुल्क एक हजार रुपये आहे. परवान्याची मुदत कमाल एक वर्ष असते. मूळ परवाना सोबत ठेवावा. मुख्य चालकाच्या नावाचे क्रेडिट कार्ड बहुतेक कंपन्या मागतात. अमेरिकेत व युरोपच्या मुख्य भूमीवर वाहने उजवीकडून चालतात. जपान आणि ब्रिटनमध्ये आपल्यासारखी डावी बाजू आहे. उजव्या बाजूची सवय नसलेल्या चालकाचे सारे लक्ष रस्त्यावर असावे लागते. गुडघा आणि मान यांची कुरकुर असेल, तर ते लक्ष विचलित होते. म्हणून भाड्यात वाचलेल्या चार पैशांपेक्षा नीट बसता येणे अधिक मोलाचे.