चिल्ड्रन ऑफ मेन : अपत्यहीन जगाची भयकथा

इंग्रजी रहस्यकथेच्या क्षेत्रात मानाचे स्थान मिळवलेल्या पी. डी. जेम्स यांनी १९९२ मध्ये 'द चिल्ड्रन ऑफ मेन' ही त्यांच्या नेहमीच्या वाटेपेक्षा वेगळी कादंबरी लिहिली. मानवजातीची प्रजननक्षमताच नष्ट झाली तर समाजाचे काय होईल, हा तिचा विषय. मेक्सिकन दिग्दर्शक अल्फॉन्सो क्युरॉन यांनी त्यावर आधारित चित्रपट २००६ मध्ये पडद्यावर आणला. त्याच वर्षी व्हेनिस महोत्सवात त्याचे प्रथम प्रदर्शन झाले.

चित्रपटाचे कथानक २०२७ मधील ब्रिटनमध्ये घडते. अठरा वर्षांत जगात एकही मूल जन्मलेले नाही. जगातील सर्वांत लहान व्यक्ती असलेल्या अठरा वर्षांच्या तरुणाची हत्या झाल्याच्या बातमीने चित्रपट सुरू होतो. इतर देश कोलमडले असून ब्रिटनमध्ये आलेल्या निर्वासितांना पिंजऱ्यांत कोंडले जात आहे. थिओ (क्लाइव्ह ओवेन) हा एकेकाळचा चळवळ्या, आता उदासीन झालेला सरकारी नोकर. पूर्वाश्रमीची पत्नी ज्युलियन (ज्युलियन मूर) त्याच्यावर की (क्लेअर-होप अशिटी) या आफ्रिकी निर्वासित तरुणीला किनाऱ्यापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी टाकते. ही तरुणी गर्भवती असल्याचे त्याला नंतर कळते.

मूळ कादंबरीचा नायक ऑक्सफर्डमधील इतिहासाचा प्राध्यापक असून इंग्लंडचा हुकूमशहा नात्याने त्याचा भाऊ लागतो. तेथे दोष पुरुषांत आहे, तर चित्रपटात स्त्रिया वंध्य झाल्या आहेत. कादंबरीत गर्भवती ज्युलियनच आहे आणि तिला मुलगा होतो. चित्रपटात कीला मुलगी होते. परदेशातून आणलेल्या आणि साठीनंतर परत पाठवल्या जाणाऱ्या मजुरांचा उल्लेख कादंबरीत येतो. परंतु तिचा भर सत्ता आणि श्रद्धा यांवर आहे. क्युरॉन यांनी परक्यांचा प्रश्नच मध्यभागी आणला. ज्या समाजाला बाळाची आस आहे, तोच समाज बाळाच्या आईला मात्र कागदपत्रांअभावी कैदेत टाकेल, हा विरोधाभास चित्रपटाचा गाभा आहे.

छायालेखक इमॅन्युएल लुबेझ्की यांची दीर्घ दृश्ये विशेष गाजली. मोटारीवरील हल्ल्याचे दृश्य सुमारे चार मिनिटे, तर अखेरच्या लढाईतील दृश्य सहा मिनिटांहून अधिक काळ खंड न पडता चालते. वेगवेगळे तुकडे संगणकाच्या साहाय्याने त्यांत बेमालूम जोडलेले आहेत. युद्धग्रस्त इमारतीत बाळाचे रडणे ऐकून सैनिक गोळीबार थांबवतात आणि आई-मुलीला वाट करून देतात. काही क्षणांतच गोळीबार पुन्हा सुरू होतो. चित्रपटातील आशा इतकीच, म्हणूनच ती खरी वाटते.

थिओच्या जॅस्पर (मायकेल केन) या वयस्कर मित्राच्या तोंडी 'शांती' हा संस्कृत शब्द त्रिवार येतो. चित्रपटाच्या अखेरीसही तो पडद्यावर उमटतो.

सुमारे ७ कोटी ६० लाख डॉलर खर्चाच्या या चित्रपटाला तिकीटबारीवर तेवढेही उत्पन्न मिळाले नाही. रूपांतरित पटकथा, छायालेखन आणि संकलन या तीन विभागांत ऑस्कर नामांकने मिळाली, पुरस्कार मात्र एकही नाही. छायालेखन आणि कलादिग्दर्शनासाठी त्याला बाफ्टा पुरस्कार लाभले. पुढे त्याची प्रतिष्ठा वाढत गेली. २०१६ मध्ये बीबीसीने समीक्षकांकडून निवडलेल्या एकविसाव्या शतकातील सर्वोत्तम चित्रपटांत त्याला तेरावे स्थान मिळाले.