पिठाच्या जाहिरातीतली मुलगी

मागच्या महिन्यात एक माजी विद्यार्थिनी अम्मीला घेऊन घरी आली. हातात इंग्रजी कागद. “सर, सही करू का?” एका फोटोग्राफरला स्टॉक फोटोंसाठी चेहरे हवे होते. म्हणजे असे फोटो, जे आधीच काढून साठवून ठेवतात आणि ज्याला हवे तो विकत घेऊन वापरतो. काम एका दिवसाचं. हिजाब घालून लॅपटॉपसमोर बसायचं, पुस्तक वाचायचं, डॉक्टरचा पांढरा कोट घालायचा. पैसे एकदाच मिळणार. मुलीला पुढच्या वर्षाची फी भरायची होती.

या कागदाला ‘मॉडेल रिलीज’ म्हणतात. चेहरा विकायला लेखी परवानगी लागते, हे आज आपल्याला साधं वाटतं. पण त्यामागे अमेरिकेतल्या एका मुलीचा हरलेला खटला आहे.

अबिगेल रॉबर्सन न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरची. १९०० च्या सुमारास तिला कळलं, की आपला फोटो फ्रँकलिन मिल्सच्या पिठाच्या जाहिरातीवर छापलाय. एकदोन नव्हे, सुमारे २५ हजार प्रती. दुकानांत, दारूच्या गुत्त्यांत टांगलेल्या. तिला कुणी विचारलं नव्हतं. ओळखीचे लोक चिडवू लागले, तिनं अंथरूण धरलं. फोटो चांगला होता, बदनामीकारक काही नव्हतं, आणि नेमकी तीच अडचण झाली. १९०२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध तीन मतांनी सांगितलं, की असा खासगीपणाचा हक्क कायद्यात नाही.

लोक संतापले. पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, न्यूयॉर्कनं कायदा केला: जाहिरातीसाठी जिवंत माणसाचं नाव किंवा चित्र वापरायचं तर त्याची लेखी संमती हवी, अज्ञान असेल तर पालकाची. १९०५ मध्ये जॉर्जियात पाओलो पावेसिच या चित्रकाराचा फोटो विमा कंपनीनं न विचारता छापला, तेव्हा तिथल्या न्यायालयानं सरळ त्याच्या बाजूनं निकाल दिला.

अबिगेलविरुद्धचा निकाल लिहिणारे मुख्य न्यायाधीश आल्टन पार्कर १९०४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार झाले. फोटोग्राफर आपल्या नि कुटुंबाच्या मागे लागतात, अशी तक्रार त्यांनी केली. अबिगेलनं वर्तमानपत्रातून त्यांना जाहीर पत्र लिहिलं आणि त्यांचाच निकाल त्यांना दाखवला. वर्गात हे सांगितलं की मुली टाळ्या वाजवतात.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानं १९९४ च्या राजगोपाल खटल्यात म्हटलं, की संमतीशिवाय कुणाचं नाव किंवा प्रतिमा जाहिरातीला वापरणं हा खासगीपणाचा भंग आहे. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला.

पण संमती दिली की पुढं काय? २००० साली आयस्टॉकफोटो, २००३ साली शटरस्टॉक सुरू झालं आणि हे फोटो अगदी स्वस्त झाले. हंगेरीचे निवृत्त इंजिनिअर आंद्राश आराटो यांनी हौसेनं असे फोटो काढू दिले. २०११ मध्ये इंटरनेटवर स्वतःला शोधलं, तर जगभर त्यांच्या चेहऱ्यावर विनोद चाललेले. त्यांनी पुढं ते हसून स्वीकारलं. ते गोऱ्या म्हाताऱ्याला जमतं. हिजाबातल्या मुलीचा चेहरा मात्र तलाकच्या बातमीवरही जाऊ शकतो, दंगलीच्याही. वादग्रस्त विषयाला फोटो लावल्यास ‘चित्रातली व्यक्ती मॉडेल आहे’ असं छापा, अशी अट मोठ्या संस्थांच्या परवान्यात असते. ती बारीक ओळ वाचतं कोण?

आणखी एक गोष्ट. बातमीसाठी विकल्या जाणाऱ्या फोटोला सहसा हा कागद लागतच नाही. ईदगाहवर सजद्यात गेलेल्या आपल्यातल्या कितीजणांचे चेहरे असे विक्रीला असतील, कुणास ठाऊक.

त्या संध्याकाळी मी कागदाच्या पाठीमागे मुलीसाठी मराठीत आणि अम्मीसाठी उर्दूत मजकूर उतरवला. फोटो कुठेही, कोणत्याही कामासाठी वापरता येतील, विक्रीत वाटा नाही, परवानगी कायमची. अम्मी ‘हमेशा के लिए’वर थांबल्या.

“सर, कायमची म्हणजे तिच्या लग्नानंतरही?”

“हो.”

त्यांनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. मुलगी म्हणाली, डॉक्टरच्या कोटातले तेवढेच फोटो देता येतील का, ते विचारून येते. तिनं अजून सही केलेली नाही.