लांबी न लिहिण्याची किंमत

सी भाषेतल्या स्ट्रिंगला स्वतःची लांबी ठाऊक नसते. एखादं नाव मेमरीत ठेवलं, की अक्षरांचे बाइट ओळीनं बसतात आणि शेवटी शून्य किमतीचा एक बाइट येतो. वाचणाऱ्यानं तो दिसेपर्यंत चालत राहायचं. स्टेशनातून गाडी धडधडत जाते तेव्हा रेल्वेचा माणूस शेवटच्या डब्याच्या पाठीवरची फुली बघून गाडी पूर्ण गेल्याची खात्री करून घेतो, तशीच ही रीत. फरक एवढाच, की फुली दिसली नाही तर रेल्वेत धावपळ सुरू होते. सी मात्र मागून येणाऱ्या मालगाडीचे डबेही निमूटपणे त्याच गाडीत मोजत राहते.

माझी बरीचशी नोकरी याच भाषेत गेली. फाइल सिस्टीम, डिस्कचे ड्रायव्हर, कर्नलचे अंधारे कोपरे. आता अधूनमधून कॉलेजांत बोलायला जाते, तेव्हा एखादी हुशार मुलगी हमखास विचारते, "मॅडम, लांबी सोबत ठेवावी एवढं साधं त्या लोकांना सुचलं नाही का?" सुचलं होतं. सी जन्मायच्या दहा वर्षं आधी सुचलं होतं आणि तशी मशीनं बाजारात विकलीही जात होती. मग ते मागे का पडलं, हा आमच्या धंद्याच्या इतिहासातला मला सगळ्यांत मोलाचा वाटणारा प्रश्न आहे.

१९६१ च्या सुमारास बरोज कंपनीच्या पॅसाडेना इथल्या गटानं बी५००० या मशीनची आखणी केली. त्यामागचं मुख्य डोकं बॉब बार्टन यांचं. त्यांनी क्रमच उलटा केला. आधी भाषा ठरवली, अल्गोल ६०, आणि मग ती चालवायला सोयीचं हार्डवेअर आखलं. या मशीनवर ॲरे गाठायचा तर डिस्क्रिप्टरमधून जावं लागे. त्यात पत्ता आणि लांबी दोन्ही असत, आणि मागितलेला घटक त्या लांबीत बसतो का, हे हार्डवेअर प्रत्येक वेळी स्वतःच तपासत असे. प्रोग्रॅमरनं विसरायचं म्हटलं तरी सोय नव्हती. एमसीपी ही ऑपरेटिंग सिस्टीमही एस्पॉल नावाच्या, अल्गोल वाढवून केलेल्या भाषेत लिहिली होती. आयबीएमची ओएस/३६० असेंब्लीत लिहिली जात होती त्या काळातली ही गोष्ट. बरोजनं तर ग्राहकाला असेंब्ली दिलीच नाही.

मुंबईचा या मशीनांशी जवळचा संबंध. टाटा कन्सल्टन्सीनं सत्तरच्या दशकात परदेशी कामं घ्यायला सुरुवात केली ती बरोजच्याच जोरावर, आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात टाटा बरोज ही भागीदारीतली कंपनी उभी राहिली. आयबीएम १९७८ मध्ये देश सोडून गेली होती, त्यामुळे माझ्या आधीची एक अख्खी पिढी बरोजवर घडली. मी अंधेरीच्या सीप्झमधल्या एका कंपनीत लागले तेव्हा माझे पहिले धडे अल्गोलचेच होते. ॲरेच्या बाहेर पाय पडला, की प्रोग्रॅम तिथल्या तिथे थांबायचा आणि प्रिंटरच्या कागदावर 'इन्व्हॅलिड इंडेक्स' आणि ओळीचा क्रमांक छापून यायचा. चहा संपायच्या आत चूक सापडे. संगणक म्हणजे असाच असतो, असा माझा समज त्या कागदांनी करून दिला.

दुसरी वाट मल्टिक्सची. एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्ज यांनी मिळून साठच्या दशकात ही प्रचंड ऑपरेटिंग सिस्टीम पीएल/१ मध्ये लिहायला घेतली. पीएल/१ मध्ये स्ट्रिंग जाहीर करताना तिची कमाल लांबी सांगावीच लागते. अमेरिकन हवाई दलासाठी पॉल कार्गर आणि रॉजर शेल यांनी १९७४ मध्ये मल्टिक्सच्या सुरक्षेची कसून तपासणी केली होती. पुढे २००२ मध्ये मागे वळून पाहताना त्या दोघांनीच नोंदवलं, की बफर, म्हणजे आलेला डेटा ठेवायची ठरावीक जागा, ओसंडून वाहण्याचा आजार मल्टिक्सला जवळपास नव्हता, आणि याचं एक कारण ही भाषा. पण मल्टिक्स वेळेत उभी राहीना. १९६९ मध्ये बेल लॅब्ज त्यातून बाहेर पडली, आणि न्यू जर्सीतल्या मरे हिलमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची हे दोघं मोठ्या मशीनविना राहिले.

थॉम्पसनना एक पडीक पीडीपी-७ मिळालं. त्यात १८ बिटांचे ८ हजार शब्द, एवढीच मेमरी. त्यावर त्यांनी असेंब्लीत युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचा पहिला अवतार लिहिला. मग एखादी सिस्टीमची भाषा हवी म्हणून त्यांनी केंब्रिजच्या मार्टिन रिचर्ड्स यांची बीसीपीएल घेतली आणि ती पिळून पिळून या मशीनमध्ये मावेल एवढी केली. तिचं नाव बी. दोन्ही भाषांत डेटाचा प्रकार एकच, मशीनचा शब्द. तो आकडा आहे, पत्ता आहे की अक्षरं, हे वापरणाऱ्यानं ठरवायचं.

मुलांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. बीसीपीएलमध्ये स्ट्रिंगच्या आरंभी तिची लांबी लिहिलेली असे! बी करताना थॉम्पसननी ती काढून टाकली आणि शेवटी खुणेचं अक्षर बसवलं. रिचींनी पुढे याची दोन कारणं सांगितली आहेत. लांबी आठ-नऊ बिटांत कोंबली तर स्ट्रिंगच्या आकारावर मर्यादा येते, हे एक. आणि मोजणी सांभाळत बसण्यापेक्षा शेवटची खूण वापरणं त्यांना अनुभवानं सोयीचं वाटलं, हे दुसरं. म्हणजे लांबी समोर लिहिलेली होती आणि समजून-उमजून पुसली गेली.

१९७० मध्ये पीडीपी-११ आलं. २४ किलोबाइट मेमरी, त्यातली १६ सिस्टीमला आणि ८ वापरणाऱ्यांना. पहिलं गिऱ्हाईक कंपनीचंच पेटंट खातं. अर्ज नीट टंकून हवे, एवढीच त्यांची मागणी. या मशीनवर प्रत्येक बाइटला स्वतंत्र पत्ता होता, आणि बीला तर फक्त शब्द कळत. प्रत्येक पॉइंटरमागे पत्त्याची आकडेमोड वाढू लागली. म्हणून रिचींनी १९७१ मध्ये भाषेत अक्षर आणि पूर्णांक असे प्रकार घातले, स्वतंत्र कंपायलर लिहिला, आणि १९७२ पर्यंत सी आकाराला आली. युनिक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, सीमध्ये लिहिण्याचा थॉम्पसन यांचा पहिला प्रयत्न फसला, कारण निरनिराळ्या गोष्टी एकत्र बांधणारं 'स्ट्रक्ट' भाषेत नव्हतं. ते आल्यावर १९७३ च्या उन्हाळ्यात कर्नल सीमध्ये उतरलं.

१६ किलोबाइटांत कर्नल बसवायचं, तर प्रत्येक ॲरेमागे लांबीची तपासणी कुठून आणायची? बरोजच्या मशीनमध्ये ती तपासणी हार्डवेअर करत होतं. पीडीपी-११ मध्ये तसं हार्डवेअर नव्हतं. तीच तपासणी सॉफ्टवेअरनं करायची तर जागाही जाणार आणि वेळही. सीनं मशीनकडे काहीच मागितलं नाही, आणि तिच्या यशाचं मूळ मला तिथेच दिसतं. जे हार्डवेअरकडून काही मागत नाही, ते कुठल्याही हार्डवेअरवर जातं. १९७७ च्या सुमारास रिची आणि स्टीव्ह जॉन्सन यांनी युनिक्स इंटरडेटा ८/३२ या पूर्णपणे वेगळ्या मशीनवर नेऊन दाखवलं, आणि ऑपरेटिंग सिस्टीम एका कंपनीच्या लोखंडाला बांधलेली नसते, हे जगाला कळलं.

त्यात कायद्यानं हातभार लावला. अमेरिकन सरकारशी १९५६ मध्ये झालेल्या तडजोडीमुळे बेल लॅब्जची मालक असलेल्या एटी अँड टीला टेलिफोनबाहेरचा धंदा करायला बंदी होती. युनिक्स बाजारात मांडता येईना, म्हणून ते विद्यापीठांना नाममात्र पैशांत दिलं गेलं, तेही सोर्स कोडसकट. १९७८ मध्ये कर्निगन आणि रिची यांचं छोटेखानी पुस्तक आलं. एमसीपी विकत घ्यायची तर बरोजचं मशीन विकत घ्यावं लागे. सी शिकायला ते पुस्तक पुरे होतं.

ही लाट आपल्याकडे आली ती पीसीवरून. टर्बो सीची फ्लॉपी हातोहात फिरायची, आणि नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' इंजिनिअरिंगच्या मुलांच्या सॅकमध्ये असायचंच. मी तेव्हा पुण्यात युनिक्सवर काम करू लागले होते. बरोजवरून आलेल्या मला पहिला धक्का बसला तो शांततेचा. ॲरेच्या बाहेर लिहिलं तरी कुणी काही बोलत नसे. प्रोग्रॅम भलत्याच ठिकाणी, भलत्याच वेळी मरायचा. "काय गं, पडला का कोअर?" असं शेजारच्या टेबलावरून विचारलं जाई, आणि मग मरताना प्रोग्रॅमची मेमरी जिच्यात उतरे त्या कोअर फाइलमध्ये हेक्साडेसिमल आकडे वाचत दुपार जाई. सीमधली हुशारी म्हणून जिचं कौतुक होई, तिचा मोठा भाग हेच आकडे वाचण्याचा असे.

हे ओझं निव्वळ प्रोग्रॅमरच्या दुपारींपुरतं नाही, हे २ नोव्हेंबर १९८८ ला उघड झालं. कॉर्नेलचा विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस यानं सोडलेला वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा प्रोग्रॅम, काही तासांत इंटरनेटवरच्या हजारो मशीनांत शिरला. त्याच्या वाटांपैकी एक होती 'फिंगर' ही सेवा. कोण लॉगइन आहे, एवढंच सांगणारी. ती आलेली ओळ 'गेट्स' या फंक्शननं ५१२ बाइटांच्या बफरमध्ये वाचत असे, आणि बफर केवढा आहे हे 'गेट्स'ला सांगण्याची सोयच नव्हती. मॉरिसनं त्याहून लांब ओळ पाठवली. जादाचे बाइट, फंक्शन संपल्यावर कुठे परतायचं ते सांगणाऱ्या पत्त्यावर जाऊन बसले आणि मशीन त्याच्या सांगण्यानुसार चालू लागलं. योगायोग असा, की त्याचे वडील, थोरले रॉबर्ट मॉरिस, बेल लॅब्जमध्ये युनिक्सवर काम केलेले आणि तेव्हा सरकारी संगणक-सुरक्षा केंद्राचे मुख्य शास्त्रज्ञ होते.

संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी हे आधीच सांगून ठेवलं होतं. १९८० च्या ट्युरिंग व्याख्यानात त्यांनी साठच्या दशकातल्या एलियट अल्गोलची हकीकत सांगितली. त्यांच्या कंपायलरमध्ये सीमेची तपासणी होती. वेग वाढावा म्हणून ती बंद करण्याची सोय द्यायची का, असं ग्राहकांना विचारलं, तर एकमुखानं नकार आला. रोज चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये किती चुका निघतात, हे त्यांनी पाहिलं होतं. भाषा आखणारे वीस वर्षांनंतरही हे शिकले नाहीत, याचा होअर यांना राग होता आणि तो त्यांनी लपवला नाही.

मॉरिसच्या वर्मनंतर आम्ही ठिगळं लावत बसलो. 'स्ट्रएनकॉपी' हे फंक्शन सुरक्षित म्हणून सर्रास वापरलं गेलं. वास्तविक ते युनिक्सच्या डिरेक्टरीतली १४ बाइटांची ठरावीक आकाराची नावं भरण्यासाठी होतं. जागा भरली तर शेवटचं शून्य ते घालतच नाही. 'गेट्स' तर प्रमाण भाषेतून निघायला २०११ साल उजाडलं. जगभर लिहिलेला कोड मोडू नये म्हणून दोष जपून ठेवायचे, हा आमच्या धंद्याचा जुना शिरस्ता आहे. मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये सांगितलं, की ते दरवर्षी दुरुस्त करतात त्या सुरक्षेच्या दोषांपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या चुकीच्या वापराचे असतात.

म्हणून रस्ट या भाषेकडे मी कुतूहलानं पाहते. मोझिलात काम करणाऱ्या ग्रेडन होअर यांनी २००६ मध्ये ती स्वतःच्या वेळात सुरू केली (टोनींशी नातं नाही, आडनाव तेवढं एक), २०१५ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती निघाली, आणि डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीपासून लिनक्स कर्नलमध्ये तिला जागा मिळाली. तिथला ॲरेचा किंवा स्ट्रिंगचा तुकडा म्हणजे पत्ता आणि लांबी अशी जोडी. बार्टन यांचा डिस्क्रिप्टरच तो! धोक्याचं काम करायचं तर ते 'अनसेफ' खुणेच्या चौकटीत लिहावं लागतं. बरोजच्या एस्पॉलची जागा घेणाऱ्या न्यूपी भाषेतही अशाच चौकटी आहेत, आणि तसा प्रोग्रॅम अधिकाऱ्यानं परवानगी दिल्याशिवाय चालतच नाही. रस्टची खरी नवलाई वेगळी आहे. मेमरीचा मालक कोण आणि ती कधी परत करायची, हा हिशेब ती कंपायल होतानाच पुरा करते, त्यामुळे त्याचा भार चालत्या मशीनवर पडत नाही. बरोजनं सुरक्षा लोखंडात घातली आणि ती त्या लोखंडासोबत अडकून राहिली. रस्टनं तिचा मोठा भाग कंपायलरमध्ये घातला, म्हणून ती सीसारखीच कुठेही जाऊ शकते.

तरी सी माझ्या हयातीत जाणार नाही. लिनक्समध्येच तिच्या कोट्यवधी ओळी आहेत आणि त्यातल्या बहुतेक नीट चालतात. सगळं पुन्हा लिहायचा उत्साह मला परवडणारा वाटत नाही. पण जिथे बाहेरून आलेले बाइट पहिल्यांदा वाचले जातात, नेटवर्कच्या तोंडाशी, फाइल उघडताना, यूएसबीच्या ड्रायव्हरमध्ये, तिथला कोड आधी बदला, असं मी कॉलेजातल्या त्या मुलींना सांगते. मरे हिलमध्ये मेमरी २४ किलोबाइट होती आणि ओळ पाठवणारा माणूस बहुधा त्याच इमारतीत बसलेला असे. आज या दोन्हींपैकी एकही गोष्ट खरी नाही.