मुंबई सिटी एफसी : विजेतेपदाचा हंगाम (२०२०-२१)

इंडियन सुपर लीग या भारतातील फुटबॉल स्पर्धेत मुंबईच्या संघाने मिळवलेले पहिले विजेतेपद. २०१४ मध्ये स्थापन झालेल्या या क्लबची बहुसंख्य मालकी २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या पालक समूहाकडे गेली. २०२० मध्ये स्पॅनिश प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा रुजू झाले. कोविडमुळे संपूर्ण हंगाम गोव्यात, प्रेक्षकांविना खेळवला गेला. नॉर्थईस्ट युनायटेडकडून पहिला सामना गमावल्यानंतर जानेवारीच्या अखेरपर्यंत संघ अपराजित राहिला. लहान पासांनी चेंडू ताब्यात ठेवणे हे त्याच्या खेळाचे बलस्थान होते.

साखळी फेरीत २० सामन्यांत १२ विजय, ४ बरोबरी व ४ पराभव अशी कामगिरी झाली. मुंबईप्रमाणेच एटीके मोहन बागान या संघाचेही ४० गुण होते. परंतु परस्परांतील दोन्ही सामने मुंबईने जिंकल्याने लीग विजेत्याची ढाल तिला मिळाली. त्यांपैकी दुसरा, २-० असा विजय २८ फेब्रुवारी २०२१ रोजी बांबोळीत मिळाला. १३ मार्चला फातोर्डा येथील करंडकाच्या अंतिम सामन्यात बिपिन सिंगच्या ९० व्या मिनिटातील गोलमुळे मुंबईने याच संघाला २-१ असे हरवले. अमरिंदर सिंग कर्णधार होता. एकाच हंगामात ढाल व करंडक दोन्ही जिंकणारा हा पहिला संघ. ढाल जिंकल्यामुळे २०२२ च्या एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये प्रवेश मिळाला. तेथे इराकच्या एअर फोर्स क्लबला नमवून त्या स्पर्धेत सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मानही मुंबईने मिळवला.